समोरचा डिम करत नाही

मास्तर : पाय काढ.

लेक : कुठून?

मास्तर : ब्रेकवरून.

लेक : माझा पाय ब्रेकवर नाहीये, बाबा.

मास्तर : चिमे, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी लोकांना गाडी शिकवतोय. शेजारच्या सीटखालच्या ब्रेकवर कुणी पाय ठेवला की माझ्याकडचं पेडल श्वास घेतं. मला कळतं.

लेक : नुसता ठेवलाय. दाबलेला नाही.

मास्तर : मी काय शिकाऊ आहे?

लेक : मग स्कूल बंद केल्यावर हा जादाचा ब्रेक काढून का नाही टाकला?

मास्तर : आठवण म्हणून. लोक भिंतीवर फोटो लावतात, मी ब्रेक ठेवला.

लेक : आई त्या आठवणीवर पाय रोवूनच बसते ना?

मास्तर : तिनं सांगितलं?

लेक : ती कशाला सांगेल! पेडलचं रबर बघा कसं गुळगुळीत झालंय.

मास्तर : होणारच. एवढी वर्षं मीच बसायचो त्या बाजूला.

लेक : रबर मागच्या वर्षी नवीन बसवलंय. तुम्हीच फोनवर सांगितलं होतं. चांगलं मिळालं म्हणून खूश होतात.

मास्तर : तू आत्याकडे जेवायला आली होतीस की तपासाला?

लेक : जेवायलाच. तपास वाटेत होतोय. आता तो काळा चष्मा काढा बघू. रात्र आहे.

मास्तर : रात्र आहे म्हणूनच लावलाय. हल्लीचे दिवे बघितलेस का? पूर्वीचा दिवा पिवळा असायचा, बिचारा. लांबून हात जोडत यायचा आणि बाजूनं निघून जायचा. आताचा पांढरा दिवा डोळ्यांत शिरतो, आत फर्निचर लावतो, आणि गाडी निघून गेली तरी तो मुक्कामाला असतो.

लेक : चष्म्यातून रस्ता दिसतो का?

मास्तर : रस्ता मला पाठ आहे.

लेक : मी दिसतो का विचारलं.

मास्तर : जे पाठ आहे ते कशाला दिसायला हवं?

लेक : मधेच कुत्रं आलं तर? कुत्रं पाठ आहे का?

मास्तर : एक आहे. पिठाच्या गिरणीजवळचं. बाकीची अजून केली नाहीत.

लेक : बाबा, मी गंमत करत नाहीये.

मास्तर : मी तरी कुठे करतोय? डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. चक्क उत्तम म्हणाले.

लेक : कोणते डॉक्टर? ते तुमचे बुद्धिबळवाले?

मास्तर : डोळ्यांचेच आहेत. बुद्धिबळ दवाखाना रिकामा असतानाच चालतं.

लेक : तो कायमच रिकामा असतो. आणि पट कुठे मांडता तुम्ही? त्या अक्षरांच्या तक्त्याच्या बरोब्बर समोर. तुम्हाला तक्ता तोंडपाठ आहे.

मास्तर : शेवटची ओळ नाही.

लेक : बाबा. तक्ता बघून वाचलात की पाठ म्हटलात?

मास्तर : डॉक्टर तक्त्यामागचा दिवा लावत होते तेव्हाच मी सुरुवात केली होती, हे खरं आहे. पण एक अक्षर चुकलं नाही.

लेक : आणि त्यांना काहीच संशय आला नाही?

मास्तर : त्यांना कसला येतोय? त्यांना गाडी मी शिकवली. पार्किंग अजून येत नाही. मी काही बोललो का कधी?

लेक : म्हणजे तुम्ही त्यांना पास केलं आणि त्यांनी तुम्हाला.

मास्तर : ह्याला स्नेह म्हणतात. तुमच्या पिढीत नाही तो. आणि आता गप्प बस, समोरून एक येतोय. बघ, बघ! फुल लाइट! वर दिवे हलतायतही. दिवे बसवलेत की बांधलेत?

लेक : आई गं! डोळेच गेले माझे.

मास्तर : म्हणून सांगत होतो, चष्मा. आता माझी पद्धत बघ. असा दिवा आला की मी एक डोळा मिटतो. दिवा निघून गेला की तो उघडायचा. अंधाराला सरावलेला, ताजा डोळा.

लेक : बाबा, आत्ता तुम्ही दोन्ही मिटलेत.

मास्तर : नाही.

लेक : चष्म्याच्या कडेनं दिसतंय मला! दोन्ही मिटले होते!

मास्तर : दोन्ही ताजे करत होतो. ए, पाय! पाय काढ आधी!

लेक : आता दाबला असता मी.

मास्तर : थांब, ह्याला डिपर देतो. एकदा. दोनदा. बघितलंस? उलट मलाच देतोय! मी दिला त्याच क्षणी! माझा हात खाली यायच्या आत!

लेक : मग तुम्ही डिम करा ना.

मास्तर : मी? का?

लेक : तुमचाही फुलच आहे.

मास्तर : माझा फुल आहे कारण त्याचा फुल आहे. त्यानं केला की मी करतो.

लेक : तोही तिकडे हेच म्हणत असेल.

मास्तर : म्हणू दे. शिकवायचं वय माझं आहे. ... एक विचारू? हा पोचत का नाहीये?

लेक : कोण?

मास्तर : हाच. केव्हापासून समोरून येतोय. आतापर्यंत बाजूनं जायला हवा होता. येतोय, येतोय, आणि तेवढाच लांब आहे.

लेक : थांबला असेल.

मास्तर : थांबला असता तर आपण पोचलो असतो. मी वेग कमी करून बघतो. ... आता बघ. तोही तेवढाच.

लेक : जरा वाढवा. नको, नका वाढवू! बाबा!

मास्तर : वाढवला. तोही वाढवतोय. चिमे, एकच अर्थ निघतो.

लेक : कोणता?

मास्तर : तो रिव्हर्समध्ये चाललाय.

लेक : काय?

मास्तर : आपल्याकडे तोंड करून आपल्या पुढे चाललाय. उलटा.

लेक : ह्या वेगानं?

मास्तर : सराव असेल.

लेक : कुणी माणूस मुख्य रस्त्यावर रात्रीचा, फुल लाइट लावून, उलटी गाडी का चालवेल?

मास्तर : हाच प्रश्न आहे. कोण चालवेल? कुणाचा फायदा? विचार कर.

लेक : बाबा, तुमचा तो विचार करण्याचा आवाज मला आवडत नाही.

मास्तर : तुझ्या दादाचा.

लेक : दादाचा काय?

मास्तर : दादाचा माणूस आहे हा. मला चकवायला पाठवलाय. मी गोंधळलो, गाडी खड्ड्यात घातली, की तुमचं काम झालं. गाडी विकायला मोकळे.

लेक : दादाला आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर बोलवायला जमत नाही. तो उलटी गाडी चालवणारा माणूस कुठून शोधेल?

मास्तर : मग तुझा पाय तिथं का आहे? आणि तू पुढे का बसलीस? लहानपणापासून तू मागे आडवी होतेस आणि घर आल्यावर उठतेस. आज पुढे बसलीस, जागी आहेस, आणि आत्याकडून निघताना म्हणालीस, बाबा, आज तुम्हीच चालवा. कधी म्हणाली होतीस असं? परीक्षा आहे ना ही?

लेक : हो.

मास्तर : वाटलंच.

लेक : दादा म्हणाला, उद्या परत यायच्या आधी एकदा रात्री त्यांच्या शेजारी बसून बघ. चालवता येत असेल तर किल्ली राहू दे त्यांच्याकडे. नाही तर किल्ली घेऊनच ये.

मास्तर : आणि तुझ्या आईला व्यायामाच्या डॉक्टरकडे कोण नेणार? तिचे गुडघे दादाच्या ऑफिसमधून वाकवता येतात का? रिक्षात चढताना ती कशी कण्हते ते ऐकलंयस कधी? ही गाडी आहे म्हणून ती बाहेर तरी पडते.

लेक : ऐकलंय. म्हणून तर मी आले. दादा आला असता तर त्यानं आधी किल्ली खिशात घातली असती आणि मग शेजारी बसला असता.

मास्तर : मग? कसा चाललाय पेपर?

लेक : अजून चाललाय.

मास्तर : तर मग हे पण लिहून घे, की अशा बाक्या प्रसंगातही विद्यार्थी शांत होता. ... अरे! तो वळला!

लेक : कोण?

मास्तर : उलटा! डावीकडे वळला. बाकी काय वळला, चिमे! उलट्या गाडीत, अंधारात, एका दमात. माणूस नालायक आहे, पण हात बसलेला आहे.

लेक : बाबा, तुम्ही का वळताय? आपलं घर सरळ आहे!

मास्तर : ह्याला सोडायचा नाही. ह्याला गाठून एकच वाक्य ऐकवणार आहे मी.

लेक : माहितीये कोणतं.

मास्तर : माझ्याकडे नापास होणाऱ्याला मी कधी ओरडलो नाही. शांतपणे म्हणायचो, गाडी बाजूला घ्या. माणसाला कळायचं.

लेक : मला तीनदा म्हणालात.

मास्तर : चारदा. एकदा तू रडत होतीस, ऐकलं नाहीस.

लेक : लायसन्स मिळालं तरी गाडी दिली नाहीत. तिकडे शहरात मी रोज ऑफिसला गाडी घेऊन जाते. तुम्ही शेजारी असताना आजपर्यंत स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

मास्तर : तुझं क्लच सोडणं मला बघवायचं नाही. ... रस्ता अरुंद होतोय का गं?

लेक : तुम्ही विचारताय मला? म्हणजे दिसत नाहीये!

मास्तर : विद्यार्थ्याला विचारायची माझी पद्धत आहे. उत्तर दे.

लेक : अरुंद होतोय. डांबर संपलंय. डावीकडे वेड्यावाकड्या बाभळी आहेत. बाबा, हा रस्ता तर पाठ नाहीये ना?

मास्तर : हा नाही.

लेक : बाबा, हे चोर असतील. आडरस्त्याला नेऊन लुटतात असे.

मास्तर : चोर नाही. चोरानं लाइट डिम केला असता. चोरीला एक शिस्त लागते. हा शिकवून पाठवलेला माणूस आहे. ... थांबला! तो थांबला. तू दाबलास का ब्रेक?

लेक : दोघांनी दाबला. पुढे रेल्वेचं फाटक आहे, बंद आहे. लाल दिवा दिसतोय वर.

मास्तर : आता सापडला. फाटकासमोर उलटा जाणार कुठे? बघ कसा जवळ आलाय. मी आता लाइट बंदच करतो. बघू काय करतो ते. ... त्यानंही बंद केला! ताबडतोब! शिकला गं, शिकला!

लेक : मला हे बरं वाटत नाहीये. उतरू नका.

मास्तर : उतरत नाही. बसून निरीक्षण करतो. काय दिसतंय तुला?

लेक : काळोख. एक गाडीसारखं काहीतरी. पुढे पांढरी पाटी आहे.

मास्तर : लाल अक्षर आहे त्यावर? एल?

लेक : एल आहे. पण उलटा आहे.

मास्तर : हं! सगळा उलगडा झाला. ते पुलापलीकडे नवीन ड्रायव्हिंग स्कूल निघालंय ना, त्याची गाडी ही. साधा बोर्ड सरळ लावता येत नाही आणि शिकवायला निघालेत. माझी ही डबल ब्रेकची गाडी त्यांना हवीय. दादानं बोलणी केली असतील.

लेक : दादानं काही केलेलं नाही. थांबा, मला फोन सापडत नाहीये. कुणाला तरी कळवून ठेवते आपण कुठे आहोत ते.

मास्तर : आणि स्टिअरिंग बघ! सरळ माझ्यासमोर आहे. आपल्यासारखं असतं तर तिकडे, तुझ्या समोर आलं असतं. परदेशातली गाडी! शिकाऊ लोकांना परदेशी गाडीवर शिकवतात हे!

लेक : आतला दिवा लावते जरा.

(गाडीतला दिवा लागतो.)

मास्तर : त्यानंही लावला. नक्कल करतोय माझी, एकेक गोष्ट. ... चिमे.

लेक : हं.

मास्तर : म्हातारा आहे गं तो. आणि काळा चष्मा! रात्रीचा! बघतेयस ना? मान बघ कशी पुढे काढलीय. अजून जरा पुढे गेला तर नाक काचेला टेकेल. ह्याला काही दिसत नाहीये. मी खात्रीनं सांगतो.

लेक : बाबा—

मास्तर : नाही, ऐक. अशी माणसं मी आयुष्यभर पाहिलीत. आपल्याला दिसत नाही हे कबूल करायचं नसतं. मग फुल लाइट लावून हिंडायचं. समोरच्याचे डोळे गेले तरी चालतील, आपल्याला रस्ता दिसतोय असं वाटलं पाहिजे. ह्या माणसाला स्टिअरिंगवर बसू दिलं कुणी? घरचे काय करतात ह्याच्या? किल्ली काढून घ्यायला कुणी नाही का ह्याला?

लेक : आहे.

मास्तर : कुठे आहे?

लेक : शेजारी बसलीय.

मास्तर : ती? ती तर हसतेय. ... की रडतेय?

लेक : तिलाही नीट कळत नाहीये.

मास्तर : तुझ्यासारखाच शर्ट आहे तिचा.

लेक : हो.

मास्तर : बटण पण तुटलंय. वरचं.

लेक : आत्याकडे तुटलं. जेवताना.

मास्तर : ... त्या माणसाला म्हणावं, जरा चष्मा काढ.

लेक : तुम्ही काढून दाखवा. तो तुमचं ऐकतो.

मास्तर : काढला.

लेक : त्यानं?

मास्तर : त्यानंही. ... कपाट आहे का ते?

लेक : आरशाचं कपाट. टेम्पोत आडवं ठेवलंय, आरसा मागे करून.

मास्तर : आरसा चांगला आहे. जाड काचेचा दिसतोय. ... आतला दिवा घालव, चिमे.

टेम्पोवाला : काच खाली करा! ए, काच खाली करा आधी!

लेक : बाबा, उघडू नका. हातात काहीतरी आहे त्याच्या.

मास्तर : काय आहे हो हातात?

टेम्पोवाला : जॅकचा दांडा. तुमच्या हातात काय आहे?

मास्तर : स्टिअरिंग.

टेम्पोवाला : ते सोडा आणि दोन्ही हात वर दाखवा. मोठ्या रस्त्यापासून मागे लागलाय तुम्ही. मी हळू केला, तुम्ही हळू. मी पळवला, तुम्ही पळवला. एकदा बाजूला घेऊन थांबणार होतो, तर तुम्ही पण बाजूला यायला लागलात. वर हा फुल लाइट! माझे साइडचे दोन्ही आरसे पांढरे झालेत. अर्धा रस्ता मी अंदाजानं आलोय. कुणी पाठवलं तुम्हाला?

लेक : कुणी नाही. आम्ही घरी चाललोय.

टेम्पोवाला : फाटकाच्या पलीकडे फक्त माझ्या सासऱ्यांचं घर आहे आणि वीटभट्टी आहे. तुम्ही वीटभट्टीवर राहता का?

लेक : नाही.

टेम्पोवाला : मग सासऱ्यांनीच पाठवलं. कबूल करा.

मास्तर : तुझे सासरे कोण ते आम्हाला माहीतसुद्धा नाही.

टेम्पोवाला : असंच म्हणा म्हणून शिकवलंय त्यांनी. मी ओळखतो त्यांना. कपाट नेतोय की नाही ते बघायला माणसं लावली. अहो, नेतोय ना! बायको माहेरी जाऊन बसली, म्हणाली माझं कपाट आणून दे. मी म्हटलं, कपाट दिलं की ती परत यायची नाही, नाही दिलं तर बोलायची नाही. शेवटी घातलं टेम्पोत. आता म्हणेन, कपाट खाली उतरवतो, पण मग तू टेम्पोत बस. जमेल का हो असं?

लेक : विचारून बघा.

टेम्पोवाला : तुम्हाला काय वाटतं, ताई? तुम्ही त्यांच्या बाजूच्या असलात तरी खरं सांगा.

लेक : आम्ही कुणाच्या बाजूचे नाही. पण कपाट आधी उतरवू नका. आधी बोला.

टेम्पोवाला : हं. ... थांबा. स्कूल बंद झालं तरी हा एल. ही गाडी. मास्तर?

मास्तर : कोण?

टेम्पोवाला : मास्तर, मी! सायकलवाल्याला वाचवायला गेलो आणि गाडी गवताच्या गंजीत घातली होती, तो मी! गंजीतून तुम्हालाच बाहेर ओढलं होतं मी!

मास्तर : गंजीवाला! तुला तर मी नापास केलं होतं.

टेम्पोवाला : दोनदा. मग पुलापलीकडच्या स्कूलमध्ये गेलो. तिथं एका दुपारी झालो पास.

मास्तर : दिसतंच आहे. मागचे दोन्ही दिवे ताडपत्रीखाली झाकलेस. ते दिसले असते तर मी तुला टेम्पो समजलो असतो.

टेम्पोवाला : झाकलेत? खरंच की! मग मला काय समजलात?

लेक : उलटी गाडी चालवणारा म्हातारा.

टेम्पोवाला : मी?

लेक : तुम्ही नाही. जाऊ दे.

टेम्पोवाला : मास्तर, राग मानू नका, पण मला वाटलं मागे कुणी शिकाऊ आहे, नाही तर पिऊन बसलाय. तुमचं नाव डोक्यात आलंच नाही. तुम्ही तर म्हणायचात, समोरचा करो ना करो, आपला आधी डिम करायचा. रोज म्हणायचात. मला बाकी काही येत नाही, पण तेवढं मी करतो.

मास्तर : ताडपत्री काढ ती दिव्यांवरून. कपाटावर टाक. मागून येणाऱ्याला आरसा नको, लाल दिवा दिसायला हवा.

टेम्पोवाला : टाकतो, लगेच टाकतो.

मास्तर : थांब जरा. चिमे, आतला दिवा लाव.

लेक : कशाला?

मास्तर : लाव तर.

लेक : लावला.

मास्तर : ... बरं. पाहून घेतलं त्या म्हाताऱ्याला. टाक रे, टाक आता. आणि दोरी नीट आवळ. फाटक उघडेल एवढ्यात.

टेम्पोवाला : येतो मास्तर. येतो ताई. बायको बसली तर ह्याच रस्त्यानं परत येऊ. हॉर्न देईन.

मास्तर : हॉर्न नको. डिम करून ये, तेवढं पुरे. ... फाटक उघडलं, गेला. चल, आपणही वळवू.

लेक : बाबा.

मास्तर : इथं मागे थोडी जागा आहे. दोनदा मागेपुढे केलं की—

लेक : बाबा, गाडी बाजूला घ्या.

मास्तर : इंडिकेटर देऊ?

लेक : द्या.

मास्तर : मागे कुणी नाहीये.

लेक : तरी द्या.

मास्तर : दिला. ... घेतली बाजूला. हँडब्रेक लावला. न्यूट्रल केली. किल्ली आहे तिथंच आहे, मी काही हात लावलेला नाही.

लेक : या इकडून. दरवाजा सांभाळून, खाली खड्डा आहे.

मास्तर : दिसतोय. ... नाही दिसत. हात दे.

लेक : बसलात? बेल्ट लावा.

मास्तर : सीट पुढे ओढ तुझी. आरसा तुझ्या मापानं कर. मागून कुणी फार चमकवलं तर तो आरशाखालचा खटका खाली कर, उजेड मरतो. आणि क्लच सावकाश सोड. ... अरे वा.

लेक : काय अरे वा?

मास्तर : काही नाही. सोडलास बरा.

लेक : बाबा, दादाला काय सांगू?

मास्तर : सांग, बाबा नापास झाले.

लेक : तसं नाही सांगणार. मी असं ठरवलंय, दिवसा तुम्ही चालवायची. आईला न्यायचं, आणायचं, पूर्वीसारखं. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की किल्ली आईकडे.

मास्तर : तिच्याकडे? ती हातात आलेलं परत देत नाही.

लेक : सकाळी देईल. तिलाच जायचं असतं. आणि डोळे तपासायचे दुसऱ्या डॉक्टरकडे. बुद्धिबळ न खेळणाऱ्या.

मास्तर : असे डॉक्टर असतात?

लेक : शोधून देते. ते हो म्हणाले तरच दिवसाचीसुद्धा किल्ली. उद्याऐवजी परवा जाईन मी. उद्या जाऊ आपण दोघं. आणि तक्ता पाठ म्हणायला लागलात तर मी शेजारी उभी असणार आहे.

मास्तर : शेवटची ओळ येत नाही म्हटलं ना.

लेक : हं. लागला बघा मोठा रस्ता. ... बाबा, आला एक. समोरून. फुल लाइट.

मास्तर : पोचतोय का?

लेक : पोचतोय. हा खरा आहे. बाबा, मला काही दिसत नाहीये!

मास्तर : घाबरू नकोस. पाय उचल, वेग कमी कर. आपला डिम आहे?

लेक : आधीच केला.

मास्तर : शाब्बास. त्याच्या दिव्याकडे बघू नकोस. बघावंसं वाटतं, ओढतो तो, पण बघायचं नाही. नजर खाली, डावीकडे. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ बघ. ती धरून चल.

लेक : त्यानं डिम केलाच नाही तर?

मास्तर : नाही केला तर नाही केला. तो निघून जाणार आहे. आपल्याला घरी जायचंय.

लेक : रेघ सापडली.

मास्तर : कशी आहे?

लेक : कशी म्हणजे? पांढरी. मधे मधे पुसलीय, पण आहे.

मास्तर : बरेच दिवस पाहिली नव्हती.

लेक : ... गेला तो, बाबा.

मास्तर : गेला. छान काढलीस.

लेक : बाबा.

मास्तर : काय?

लेक : माझ्याकडचं पेडल श्वास घेतंय.

मास्तर : ... काढला.